ईश्वरीचा डावा डोळा

नसरीन,

पारोळा आलं की मी तुला फोन करायचे. "पारोळ्याला पोचले," एवढंच. तू म्हणायचीस, "चल, थेंब घालायला सांगते." माझी गाडी पारोळ्याहून धुळ्याला येईपर्यंत तुझ्या युनिटमधल्या बाळांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होऊन तपासायला तयार असायच्या. इतकी वर्षं दर मंगळवारी हेच चाललं होतं. तू गेल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी मी पारोळा ओलांडून बरीच पुढे आले तेव्हा लक्षात आलं, की फोन केलाच नाही. युनिटमध्ये आले तर बाळांच्या डोळ्यांत थेंब पडलेले नव्हते. कुणाची चूक नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणी तरी सांगितलं असेल. मग सिस्टर एकेका पेटीपाशी जाऊन थेंब घालत राहिली आणि मी तुझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिले. त्या वेळात तुझ्याशी मनात जे बोलत बसले, ते आता लिहिते आहे. तू जाऊन अजून चाळीस दिवसही झालेले नाहीत, तुझा चाळिसावा व्हायचाय.

तू कुठे शिकलीस, किती लेकरं जगवलीस, तुला कुठला मान मिळाला, हे सगळं धुळ्यातल्या डॉक्टरांनी घेतलेल्या सभेत सांगून झालं. मी मागच्या रांगेत बसले होते. मला बोलायला उठा म्हणाले, मी उठले नाही. तिथं भांडण कसं सांगणार? आणि माझ्याजवळ तर तुझं भांडणच उरलंय.

भांडायला आपल्याला हॉस्टेलपासून काहीही पुरायचं. तू दोंडाईच्याच्या मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी, मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली. तू सुट्टीवरून परत आलीस की तुझ्या कपड्यांना मिरचीचा वास यायचा आणि मी शिंकत सुटायचे. तुझ्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मात्र मी तुझ्याआधी खायचे. "वंदू, तुझी जीभ तुझ्या नाकापेक्षा हुशार आहे," असं म्हणायचीस. पुढे तू नवजात बाळांची डॉक्टर झालीस, मी डोळ्याच्या पडद्याची, आणि मग भांडायला एक खरं कारण मिळालं.

आपलं काम एकमेकींत विचित्र गुंतलेलं होतं. सातव्या महिन्यात जन्मलेलं, तळहातावर मावेल एवढं बाळ तू पेटीत ठेवून, नळीतून श्वास देऊन जगवायचीस. ते जगलं, की त्याच्या डोळ्यांतला पडदा, जो आईच्या पोटातच पुरा व्हायचा तो, बाहेर वाढायला लागायचा. काही बाळांत त्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात, पडद्याला धरून ओढतात, आणि वेळेवर थांबवल्या नाहीत तर पडदा सुटतो. मग मूल आयुष्यभर आंधळं. म्हणजे तू जिंकलीस, की माझी लढाई सुरू व्हायची. जी बाळं तुझ्या हातून जायची त्यांचे डोळे मला कधी पाहावेच लागले नाहीत.

सुरुवातीला मी तुझ्यावर चिडायचे ते ऑक्सिजनवरून. "इतका देऊ नको, डोळे जातील." तू म्हणायचीस, "आधी श्वास घेऊ दे, डोळ्यांचं नंतर बघू." मग तू ऑक्सिजन आणि हवा मोजून मिसळणारं यंत्र आणलंस, प्रत्येक पेटीपाशी आकडे लावलेस आणि सिस्टरांना इतकं शिकवलंस की घंटा वाजायच्या आत त्यांचा हात बटणावर जायचा. महिना भरायच्या आत प्रत्येक बाळाचे डोळे मी बघायचेच, हा नियमही तूच घातलास. त्यानंतर तुझ्याकडून माझ्याकडे आलेली फार थोडी बाळं हातची गेली. माझं ऐकून तू बदललीस असं मी कधी म्हटलं की तू हसायचीस. "तुझं ऐकून नाही. ती बाळं माझ्याकडे बघून हसत नाहीत म्हणून."

आणि मग ईश्वरी आली.

तिची आई सोनाली नरडाण्याजवळच्या खेड्यातली. नवरा गणेश, नरडाण्याच्या एमआयडीसीत मशीनवर काम करणारा. रक्तदाब चढला म्हणून सोनालीला धुळ्याला आणलं आणि सातवा लागता लागताच ईश्वरी जन्मली. किलोच्याही आत. तू मला तिसऱ्या आठवड्यातच बोलावलंस. "नियमाची वाट बघत नाही, मला हिचं काही खरं वाटत नाही." मी डोक्यावर दिव्याची टोपी चढवली, भिंग धरलं आणि आत पाहिलं. रक्तवाहिन्या गांडुळांसारख्या वळवळून मागेच गोळा झालेल्या. आमच्याकडे या प्रकाराला सगळ्यात घातकी म्हणतात. तो थांबत थांबत वाढत नाही, धावतो. मी काही बोलायच्या आत तू माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणालीस, "आजच?"

"आजच," मी म्हणाले.

त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन दिलं. पुढच्या मंगळवारी पाहिलं तर वाहिन्या सुकून सरळ झालेल्या. तुला विश्वास बसेना, तू मला दुसऱ्यांदा बघायला लावलंस. मग बाहेर जाऊन सोनालीपुढे उकिडवी बसलीस आणि तिच्याशी अहिराणीत बोलायला लागलीस. तुझी अहिराणी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. माझी भुसावळकडची बोली ऐकून सोनाली हळूच हसायची. तुझ्याशी मात्र ती घरातल्यासारखी बोलायची. "तिले दिसी ना, मॅडम?" तिनं विचारलं. तू म्हणालीस, "दिसी, माय. बघू या." मी मागून म्हणाले, "रोग परत येऊ शकतो. काही महिने प्रत्येक तारखेला यायचं. एकही चुकवायची नाही." तू वळून माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्याचा अर्थ मला हॉस्टेलपासून माहीत होता.

त्यांनी एकही तारीख चुकवली नाही, नसरीन. मला हे लिहून ठेवायचं आहे, कारण लोक विचारतात, मूल आंधळं झालं म्हणजे कुणी तरी उशीर केला असेल. नरडाण्याहून एसटीनं, कधी मालाच्या टेम्पोत बसून, बाळाला पदराखाली धरून ती दोघं आली. गणेश रात्रपाळी करून आलेला असायचा आणि बाकावर बसल्या बसल्या झोपायचा. सोनाली त्याला उठवायची नाही. तू वेळेवर बोलावलंस. मी वेळेवर इंजेक्शन दिलं. त्यांनी प्रत्येक तारीख पाळली. आणि तरीही एका मंगळवारी मी आत पाहिलं तर कडेला नवी गुलाबी रेघ उठलेली होती, आणि रेघेवरून झालर. रोग परतला होता.

मग लेझर. त्या दुपारचं तुला किती आठवायचं ते मला माहीत नाही, तू कधी बोलली नाहीस. ईश्वरी तोवर जराशी वाढली होती, पण श्वास अजून भरवशाचा नव्हता. तिला कापडात घट्ट गुंडाळलं. तू तिच्या डोक्याशी उभी राहिलीस, दोन्ही तळव्यांत तिचं डोकं धरून, आणि मध्येमध्ये साखरेच्या पाण्यात बुडवलेलं बोट तिच्या ओठांना लावत होतीस. मी पडद्याच्या कडेवर ठिपक्याशेजारी ठिपका मारत होते. अर्ध्यात तिचा श्वास थांबला. घंटा वाजली. मी टोपी वर केली तोवर तू तिच्या पाठीवर बोटं चोळत होतीस, "चल माझी वाघीण, घे, घे," असं म्हणत. तिनं घेतला. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "लाव परत." पुन्हा थांबला, पुन्हा आपण थांबलो. काम संपलं तेव्हा माझी मान वळत नव्हती आणि तुझी बोटं आखडून गेली होती. सिस्टरनं चहा आणला तर तुझ्याच्यानं कप धरवेना. मी धरला, तू प्यालीस.

त्या दिवशी आपण भांडलो नाही. मला वाटतं, आपल्या पूर्ण मैत्रीत मला तू सगळ्यात जवळची वाटलीस ती त्या दुपारी.

लेझरनं डावा डोळा काही दिवस थांबला. उजवा थांबला नाही. दोन मंगळवारांनंतर उजव्या डोळ्यात पडदा तंबूसारखा वर ओढला गेलेला दिसला. मी टोपी काढून ठेवली आणि सोनालीला सांगितलं, "उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. या डोळ्यानं दिसण्याची आशा फार कमी आहे."  बाळाला छातीशी धरून ती भिंतीकडे तोंड करून बसली. तू माझा हात धरून मला तुझ्या खोलीत नेलंस आणि दार लावलंस.

"असं बोलतात?"

"मग कसं बोलू? खोटं?"

"खोटं नाही. पण तिच्या अंगावर पिणारं पोर आहे ते. तिचं दूध आटेल, वंदू."

"आणि आशा लावली आणि मग ती तुटली तर काय आटणार नाही?"

तू खुर्चीत बसलीस. मग म्हणालीस, "तुला डोळा दिसतो. मला ते पोर घरी गेल्यावरचं दिसतं. आपण दोघी वेगळ्या दारातून बघतो."

मी म्हणाले, "आत एकच खोली आहे."

हे भांडण आपलं पुढे दर वेळी होतच राहिलं. तुझं म्हणणं, आईबापांना एका दिवसात पचेल तेवढंच द्यावं. माझं म्हणणं, जे आहे ते आज सांगावं, म्हणजे उद्या त्यांना आपल्यावरही विश्वास ठेवता येईल. तुझ्याकडून निघालेले आईबाप थोडं हसून निघायचे. माझ्याकडून निघालेले खरं कळून. तू जाईपर्यंत मला वाटत होतं, यातलं एक बरोबर असेल.

तू ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून ईश्वरीला मुंबईला पाठवलंस. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या डॉक्टरांनी जे करता येतं ते सगळं केलं, मी कागद वाचलेत. पडदा काही काळ बसला आणि पुन्हा सुटला. उजव्या डोळ्यात बाहुलीच्या जागी पांढरं दिसायला लागलं. आणि मुंबईहून परत आल्यावर पहिल्याच तपासणीत डाव्यातही ओढ सुरू झालेली मला दिसली.

तेव्हाचा तो मंगळवार. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं की नाही. मी म्हणत होते, नको. पडदा इतका सुटल्यावर ऑपरेशन करून जे मिळतं ते बहुतेकदा उजेड-अंधार कळण्यापलीकडे जात नाही, आणि तेही प्रत्येकाला नाही. एवढ्याशा जिवाला पुन्हा भूल द्यायची, पुन्हा मुंबई, पुन्हा वाट बघणं. त्यापेक्षा आत्तापासून तिला कानानं, हातानं जग कसं शिकवायचं ते आईला शिकवू या. तू म्हणत होतीस, उजेड कळला तरी मुलाला दार कुठं आहे ते कळतं, सकाळ झाली ते कळतं. "तू 'फक्त उजेड' म्हणतेस. ज्याला काहीच नाही त्याला उजेड 'फक्त' नसतो, वंदू."

आपण हे इंग्रजीत बोलत होतो, तिला कळू नये म्हणून. पण सोनाली तुझ्या चेहऱ्याकडे एकदा, माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघत होती. मग तिनं सरळ विचारलं, "तुम्हनी पोर ऱ्हाती तं?"

तुमची मुलगी असती तर, हा प्रश्न आपल्याला शेकडो आयांनी विचारला असेल. दर वेळी आपण आधी एकमेकींशी बोलून घ्यायचो आणि एकच उत्तर द्यायचो. त्या दिवशी तसं झालं नाही.

"मी गेले असते," तू म्हणालीस.

"मी नसते गेले," मी म्हणाले.

 पेटीतल्या दुसऱ्या कुठल्या बाळाची घंटा वाजली आणि कुणी तरी ती बंद केली. गणेश, जो कधीच बोलायचा नाही, तो म्हणाला, "जाऊन येऊ, मॅडम. उद्या तिनं विचारलं तर सांगता तरी येईल." आणि ते गेले.

आल्यानंतरची गोष्ट तर तुला आणि मला दोघींनाच माहीत आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की मागचा पडदा थोडा बसलाय, बघू काय कळतं ते. तू ईश्वरीला मांडीवर घेतलंस आणि टॉर्च लावलीस. तिनं मान वळवली. तू बंद केलीस, दुसऱ्या बाजूनं लावलीस. तिनं पुन्हा मान वळवली. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तू सोनालीला जवळ बोलावलंस आणि ती तिथंच खाली बसून रडायला लागली. तू तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, "रडू नको, माय. पोर जित्ती शे, दूध पेस, आणि आता दखस बी."

आता बघतेही, असं तू तिला सांगून टाकलंस. सोनाली जाईपर्यंत मी थांबले. ती गेल्यावर तुला म्हणाले, "तुझ्या टॉर्चच्या बटणाचा आवाज होतो, नसरीन. ती आवाजाकडे वळतेय."

"नाही."

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी माझा दिवा आधीच लावून हाताखाली झाकला होता. तिला तुझ्या मांडीवर ठेवून, खोलीत अंधार करून, काही आवाज न करता मी हात काढला. ईश्वरी हलली नाही. पुन्हा केलं. हलली नाही. ती पेंगत होती हे खरं. तू म्हणालीस, "झोपेत कोण वळतं?" मी म्हणाले, "जागी असती तर कदाचित." तू म्हणालीस, "म्हणजे कदाचित." मी म्हणाले, "म्हणजे नाही." तू त्या दिवशी माझ्याशी पुढे बोलली नाहीस. पुढच्या मंगळवारी बोललीस, पण ईश्वरीचं नाव काढलं नाहीस. आपण दोघी तिच्या बाबतीत जपून बोलायला लागलो, आजारी घरात बोलतात तसं.

मला आता वाटतं, त्याच सुमाराला तुझं पोट दुखायला लागलं होतं.

तू वजन उतरल्याचं कारण रोज्यांवर ढकललंस. पाठ दुखते त्याचं कारण पेट्यांवर वाकण्यावर. तुझ्या नवऱ्यानं, आरिफभाईंनी, शेवटी तुला नाशिकला नेलं. रिपोर्ट आला त्या दिवशी तू मला फोन केलास आणि म्हणालीस, "गाडी काढ आणि ये. पारोळ्याहून फोन करू नको." मी आले. तू दिवाणखान्यात बसली होतीस. कागद माझ्या हातात दिलास. मी वाचला. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. माझ्या कामातलं नाही, पण वाचता येतं.

"सांग," तू म्हणालीस.

मी म्हणाले, "बघू या."

तू हसायला लागलीस. इतकी हसलीस की आरिफभाई आतून बाहेर आले. "बघा, बघा," तू त्यांना म्हणालीस, "ही मला 'बघू या' म्हणते. ही. आता तर नक्कीच काही उरलं नसेल." मग तुझं हसू ओसरलं आणि तू माझा हात हातात घेऊन बसलीस. "खोटं तुला जमत नाही, वंदू. सराव नाही तुला."

तू खरं ऐकायला तयार होतीस आणि मी सांगू शकत नव्हते. तू असतीस तर यावरही भांडलो असतो.

त्या महिन्यांत मी जमेल तेव्हा आले. तू उपचार घेतलेस, त्यांचा तुला काही उपयोग झाला नाही. एकदा तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, तर तू डोळे मिटून म्हणालीस, "ज्यांना दिसतं ते परत येत नाहीत. कधी लक्षात आलं तुझ्या? शाळेत जातात, चष्मा लावतात, सायकल शिकतात. त्यांच्या आयांना आपण आठवतही नसू. परत येतात ते दुसरे. म्हणून आपल्याला वाटतं आपण नेहमी हरतो." मी म्हणाले, "मोजायचं का मग, कितीजण परत आले नाहीत?" तू म्हणालीस, "नको. तू मोजलंस तर भांडायला कारण काढशील."

मी कधी म्हटलं नाही तुला, पण मोजायचं झालं तर तुझ्याच नावावर सगळी मोजावी लागली असती. पडद्यावर लेझरचे ठिपके मारायला हात शिकवता येतो. वेळेवर बोलावणं, आई घाबरली असली तरी ती पुढच्या तारखेला येईल अशी तिला माघारी पाठवणं, हे मला आलं नाही. माझ्या खरं बोलण्यानं घाबरून गेलेल्या किती आयांना तू रस्त्यावरून परत आणलंस, ते मला सिस्टरनं तू गेल्यावर सांगितलं.

शेवटच्या वेळी भेटले तेव्हा तुला बोलायला त्रास होत होता. तू एवढंच विचारलंस, "ईश्वरीचा डावा परत तपासलास?"

"नाही."

"तपास. जागी असताना."

मी हो म्हणाले.

तू गेलीस त्या सकाळी मी आले तेव्हा घरात बायका भरल्या होत्या. तुला आंघोळ घालून झाली होती. तुझी नणंद माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "देखोगे?" मी मान हलवली. तिनं चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. मी आयुष्यभर लोकांच्या पापण्या उघडून आत बघत आले. तुझ्या मिटलेल्या होत्या आणि मला वाटलं, आत काय आहे ते मला आता कधीच दिसणार नाही. मग पुरुष तुला घेऊन गेले. आम्ही बायका मागे राहिलो. आरिफभाई परत आले तेव्हा त्यांच्या हाताला अजून माती होती आणि ते मला म्हणाले, "दीदी, चाय पीके जाओ." मी प्यायले. तुझ्या घरी मी चहा न पिता कधी गेले नाही.

आता परवाचं सांगते.

परवा मी युनिटमधून निघत होते तर फाटकापाशी सोनाली दिसली. कडेवर ईश्वरी. वाढलीय ती, केस दोन शेंड्यांत बांधलेले, पायात घुंगरांचे पैंजण. सोनालीला काहीच माहीत नव्हतं. "मॅडम कथा शेतस?" तू कुठे आहेस असं तिनं विचारलं. मी तिला आत नेलं, बसवलं आणि सांगितलं. जे होतं तसं, एकाच वाक्यात. मला दुसरं येत नाही.

सोनालीनं ईश्वरीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "त्यास्ले तरास व्हयना का?"

तुला त्रास झाला का, हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. सभेत कुणी, घरी कुणी, तुझ्या सासरच्यांनीही नाही. सगळे 'सुटली' म्हणत होते. मी म्हणाले, "हो. खूप झाला." आणि मला रडू आलं. सोनाली उठून माझ्याजवळ बसली आणि तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. ईश्वरी तिच्या मांडीवरून हात लांब करून माझ्या चेहऱ्यावर बोटं फिरवत होती, ओलं लागलं की बोट मागे घेत होती आणि पुन्हा लावत होती.

मग तुझं ऐकायचं म्हणून मी खोलीत अंधार केला. ईश्वरी पूर्ण जागी होती, आईशी काहीबाही बडबडत होती. मी उजवा डोळा झाकला. दिवा लावून हाताखाली धरला, पैंजण वाजू नयेत म्हणून सोनालीला तिचे पाय धरायला सांगितले आणि हात काढला. ईश्वरी बोलता बोलता थांबली. मान वळली नाही, पण ती थांबली. मी झाकलं. थोड्या वेळानं पुन्हा काढला. काही नाही. तिसऱ्यांदा काढला तर तिनं डोळे मिचकावले. चौथ्यांदा पुन्हा काही नाही.

तू असतीस तर म्हणाली असतीस, दिसतंय. मी म्हणाले असते, इतक्यावरून सांगता येत नाही. आणि खरं म्हणजे मला माहीत नाही, नसरीन. इतकी वर्षं डोळे बघून मला एका मुलीला उजेड कळतो का नाही, हे सांगता येत नाही. मी तेच सोनालीला सांगितलं. तिनं मान हलवली. मला वाटलं होतं ती निराश होईल. ती म्हणाली, "ती सकाळले उठस तवय खिडकीकडे तोंड करस. मी कोणले सांगनं नही." मग माझ्याकडे बघत राहिली, मी काय म्हणते ते ऐकायला. खिडकीतून उजेड येतो तसा वारा येतो, पाखरं ओरडतात, रस्त्यावर गाड्या सुरू होतात. ती कशाकडे तोंड करते? मी काही म्हणाले नाही.

मग सोनालीनं पदर बाजूला केला. पोट दिसायला लागलं होतं.

ती त्यासाठीच आली होती. या वेळीही रक्तदाब चढायला लागलाय. तू तिला कधी तरी सांगितलं होतंस म्हणे, की दुसऱ्या वेळी पहिल्यापासून माझ्याकडे ये, मी पोटातलं जास्तीत जास्त दिवस पोटातच ठेवायला लावीन. म्हणून ती एसटीनं आली, तुझ्याकडे. आणि तुझ्या जागी मी बसले होते, जिच्याकडे पोटाचं काही ज्ञान नाही.

मी तिला तुझ्यासोबत काम करणाऱ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला चांगलं तपासलं, रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. ते करतील सगळं नीट. निघताना सोनालीनं ईश्वरीला कडेवर घेतलं, दारात थांबली आणि विचारलं, "हाई बी लवकर व्हयनं तं याना डोया बी तसाच व्हतीस का?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

तिला राग आला नाही. मला वाटतं तिला आता आपल्या दोघींची सवय झाली आहे. ती म्हणाली, "मंग पहिले तुम्हीन दखजात."

"हो," मी म्हणाले. "मी पाहीन."

ती गेली. मी दारातच उभी राहिले. तिला यापेक्षा जास्त काही देता येईल का, हे मी तुला विचारलं असतं, आणि तू काही तरी दिलंही असतंस. माझ्याकडे तेवढंच होतं. जे येईल त्याच्या डोळ्यांत मी वेळेवर पाहीन. आत काय असेल ते माझ्या हातात नाही.